विहिरीचं लूजिंग

शिवणकामाच्या दुकानाच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आत मशीनवर बसलेल्या माणसाला सगळं जग मास्तरच म्हणतं. त्यामुळे आपल्या मास्तरांची बायको लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरीण झाली. आयुष्यात कुणाला एक धडा न शिकवता बाईला हा मान मिळतो तो असा. पन्नाशी उलटल्यावर मात्र तिलाच शिकायची हुक्की आली, आणि तीही साधीसुधी नाही, पर्यावरणशास्त्र आणि हवामानबदल या विषयात रीतसर पदवी घ्यायची, घरबसल्या, ऑनलाइन.

निमित्त अगदी छोटं होतं. मास्तरीण दिवसा कोपऱ्यावरच्या पाळणाघरात काम करते. तिथल्या एका चिमुरडीने विचारलं, "मावशी, उन्हाळा एवढा मोठा कशाला झाला?" मास्तरीण म्हणाली, "उन्हाळा असाच असतो गं." पोरगी गप्प बसली, पण मास्तरणीला चैन पडेना. आपल्याला काडीचं माहीत नव्हतं, आणि तरी आपण मोठ्या माणसाच्या आवाजात ठोकून दिलं, हे तिला डाचत राहिलं. परगावी नोकरीला असलेल्या मुलाला तिने फोन केला, त्याने हसत हसत तिचं नाव घातलं, आणि महिना सरायच्या आत कापडं बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप येऊन बसला.

दुकान पुढे आणि दोन खोल्या मागे, असा त्यांचा संसार. लॅपटॉपला दुसरी जागाच नव्हती. त्यामुळे जे तिच्या कानावर पडायचं ते मास्तरांच्याही पडायचं. तिकडे हिमनद्या वितळायच्या आणि इकडे मास्तर वकीलसाहेबांची पॅण्ट बेतायचे. समुद्र तापायला लागला की त्यांच्या काजांची ओळ वाकडी जायची. शिवाय घरात नवे कायदे आले. इस्त्री उगाच तापत ठेवायची नाही, चिंध्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, पंखा दोघांत एक. मास्तर कुरकुरत का होईना पण सगळं पाळायचे, कारण आतून त्यांना बायकोचा भलताच अभिमान वाटत होता. गिऱ्हाइकाला कपडे देताना ते सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "आमच्याकडे परीक्षा आहेत हो, एक दिवस उशीर होईल." गिऱ्हाइकाला वाटायचं मुलाच्या असतील. मग मास्तर खुलासा करायचे आणि त्याचा चेहरा बघायचे.

एकच गोष्ट त्यांना सोसत नव्हती. मास्तरीण ऐकलेलं सगळं मनाला लावून घ्यायची. दुष्काळावरचा धडा झाला की तिचं जेवणावरचं लक्ष उडायचं. मागच्या खिडकीशी बसून ती अंगणातल्या झाडांकडे अशी बघायची, जणू ती उद्या गाव सोडून जाणार आहेत. "तुमच्या त्या कॉलेजात माणसाला शहाणं करतात का आजारी पाडतात?" मास्तर विचारायचे. ती म्हणायची, "दोन्ही एकदमच होतं बहुतेक." मग मास्तर उठून चहा टाकायचे.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. प्रत्येकाने आपल्या जवळचा एक पाण्याचा साठा निवडायचा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, भर दुपारी त्याचं माप घ्यायचं, आणि ऋतू बदलतात तसं पाणी कसं बदलतं ते मांडायचं. हा प्रकल्प मंजूर झाला की पदवी हातात. इमारतीच्या मागच्या अंगणात एक जुनी विहीर होती. वर लोखंडी जाळी, जाळीला लहानसं दार, पाणी फक्त झाडांना घालायचं. मास्तरणीला आयतीच सापडली. अडचण एकच होती की भर दुपारी ती पाळणाघरात असायची.

"मग मी कशाला आहे?" मास्तर म्हणाले. "मापं घेण्यात हयात गेली माझी."

आणि खरोखर, काम त्यांना साजेसंच होतं. लांब फीत, तिच्या टोकाला वजन. फितीला खडू घासायचा, ती तळाला टेकेपर्यंत सोडायची, मग वर ओढायची. जिथपर्यंत खडू भिजून काळा पडला तेवढं पाणी. खडू मास्तरांचा रोजचाच. वजनाला त्यांनी जाड कापडाची इतकी सुबक थैली शिवली की मास्तरीण म्हणाली, "अहो, विहिरीला काय लग्नाला न्यायचंय?" तिने त्यांना सगळं नीट समजावलं. खडू कसा घासायचा, तळ लागला हे हाताला कसं कळतं, फीत तिरपी होऊ द्यायची नाही. समजावायचं फक्त एकच राहिलं, की जो आकडा दिसेल तोच सांगायचा. हे कुणी कुणाला सांगतं का?

आता मास्तरांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शिंपी अंगाचं माप घेतो, पण अंगाचं माप लिहीत नाही. कंबर छत्तीस भरली तर तो मनातल्या मनात दीड-दोन इंच वाढवतो आणि तो आकडा लिहितो. याला लूजिंग म्हणतात. किती धरायचं याचा नियम नाही. माणूस बघायचा, त्याचं पोट बघायचं, त्याला जेवणानंतर खुर्चीत बसायचं असतं हे लक्षात घ्यायचं. कच्चे शिंपी आधी अंगाचं लिहितात आणि मग बेरीज करतात. मास्तरांची बेरीज डोळा आणि जीभ यांच्यामध्ये कुठेतरी आपोआप व्हायची. अंगावर टेप आणि तोंडात लूजिंगसकट आकडा, अशी त्यांची ख्याती. वकीलसाहेबांच्या पॅण्टला गेली कित्येक वर्षं ट्रायल लागलेली नाही.

दर आठवड्याला माप होत गेलं. संध्याकाळी चप्पल काढता काढताच मास्तरीण विचारायची, "किती?" मास्तर इंचात सांगायचे, ती लॅपटॉपमध्ये भरायची. पाऊस सरला, थंडी आली आणि गेली, उन्हं चढायला लागली. गावाच्या तलावाचा तळ दिसू लागला, चार घरं सोडून असलेल्या विहिरीत बादली खडखडू लागली. आणि मास्तरणीच्या आलेखावरची रेघ मात्र आडवीच्या आडवी. शंभर, एकशे एक, शंभर, नव्व्याण्णव, शंभर.

मास्तरीण आधी चक्रावली आणि मग हरखली. खाली कुठेतरी जिवंत झरा असणार, असं तिने अनुमान काढलं. जुने नकाशे शोधले, जमिनीच्या थरांवरचे धडे पुन्हा ऐकले, झऱ्यावर पानंच्या पानं लिहिली. तिची भूक परत आली. खिडकीशी ती आता विहिरीकडे तोंड करून बसायची आणि म्हणायची, "बघा, सगळीकडे आटतंय, पण आपली तग धरून आहे." मास्तर खाली मान घालून टीप मारत राहायचे आणि "आहेच मुळी" म्हणायचे. इमारतीतले लोकही विहिरीला 'गुणाची' म्हणू लागले. मुलाने पदवीदान समारंभासाठी रजा मंजूर करून घेतली. आईच्या अंगावर त्या दिवशी बाबांनी शिवलेला कोट हवा, असं त्याने फर्मान काढलं, आणि मास्तरांनी कापडही बेतायला घेतलं.

तिच्या प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या मॅडम वयाने मुलाएवढ्याच होत्या, पण कामाला काटेकोर. त्यांनी कळवलं, "रेघ फार सरळ आहे. मला एकदा माप घेताना बघायचंय." मास्तरणीने पाळणाघरातून सुट्टी घेतली. भर दुपारी ती फोन धरून विहिरीपाशी उभी राहिली, फोनच्या पडद्यात मॅडम, आणि जाळीच्या दाराशी इस्त्रीचा सदरा घातलेले मास्तर. त्यांनी खडू घासला, फीत सोडली, तळ लागल्यावर मान डोलावली, फीत अलगद वर ओढली, काळ्या पडलेल्या जागेवर अंगठा ठेवला आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "शंभर!"

"मॅडम, चित्र थांबलंय तुमचं," मास्तरीण म्हणाली.

"तुमचंही अडकलंय, पण ऐकू आलं, शंभर," मॅडमचा आवाज आला. "पद्धत तर छान आहे. मग झऱ्याचं तुमचं म्हणणं बरोबर असेल. अहवाल पाठवा, मी मंजूर करते. अभिनंदन हं!" आणि फोन बंद झाला.

मास्तरीण आनंदाने फीत बघायला पुढे वाकली. मास्तरांचा अंगठा अजून तिथेच होता, एक्याण्णववर.

"अहो, हे एक्याण्णव आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "अंगाचं एक्याण्णवच. शंभर लिहायचं."

म्हणाले आणि त्यांनाच ऐकू आलं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघताना त्यांच्या मुठीत टोक तेवढं उरलं आणि बाकीची फीत पुन्हा सळसळत विहिरीत गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ती अशी भर दुपारी, सदऱ्याला इस्त्री करून उघडी पडावी?

घरात आल्यावर मास्तरीण टेबलाशी बसली. मग तिने शांतपणे विचारलं, "दर वेळी किती धरत होतात? सांगा. तेवढं वजा करते."

इथेच खरी मेख होती. मास्तरांनी कोटाच्या कापडावरून उगाच हात फिरवला. "ठरलेलं असं काही नसतं गं. बघून धरतो."

"काय बघून?"

मास्तरांना वाटलं, सवय म्हणून सांगावं आणि सुटावं. अर्धं खरंच होतं ते. पण मास्तर खोटारडे नव्हते, निदान आपण खोटारडे नाही असं त्यांना दुपारपर्यंत वाटत होतं. ते म्हणाले, "आधी सवयीनेच व्हायचं. दोन इंच, तीन इंच. कळतसुद्धा नव्हतं. मग उन्हं वाढली, पाणी खाली जायला लागलं. एकदा मी तुला जरा कमी आकडा सांगितला, आठवतं? तू त्या दिवशी जेवली नाहीस. पुढच्या वेळी मी विहिरीकडे बघितलं नाही, तुझ्याकडे बघितलं. जेवढं धरल्यावर तू जेवशील, तेवढं धरलं."

मास्तरीण उठून उभी राहिली. संतापाने तिचा आवाज चिरकला. "मी काय तान्हं पोर आहे? पाळणाघरातल्या पोरांनासुद्धा मी असं फसवत नाही! आणि हे आजचं नाही तुमचं. माझ्या कमरेचं मापसुद्धा लग्नापासून तुम्ही मला कमीच सांगत आलात. मला काय कळत नाही? विहीर फुगवलीत आणि मला बारीक केलंत!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघं यावर हसून लोळले असते. मास्तर कसंनुसं हसले आणि लगेच थांबले. मग त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं, जे गेलं नसतं तर बरं झालं असतं. "हे बघ, मॅडमनी तर मंजूर केलंय. त्यांना काही दिसलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराने रजा घेतलीय. तू एवढी मेहनत केलीस, ती काय खोटी आहे? एका विहिरीने जगाचं काय बिघडणार आहे?"

मास्तरीण खाली बसली. रेघ अजून पडद्यावर होती, आडवी, देखणी. तिचं बोट 'पाठवा' या बटणाच्या आसपास घुटमळलेलं मास्तरांनी बघितलं. नाही कसं म्हणायचं? तिचाही जीव होता त्यात. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर, जांभया आवरत, मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर परीक्षा देत ती इथवर आली होती. मास्तर मनातल्या मनात म्हणत होते, दाब, दाब एकदाचं.

तिने बोट मागे घेतलं.

"मला खरं उत्तर यावं म्हणून मी शिकायला बसले हो," ती म्हणाली. "खोटं उत्तर तर मला आधीपासूनच येत होतं."

आणि तिने मॅडमना फोन लावला.

तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, नवऱ्याला दोषही दिला नाही. "आमच्या घरात माप घेण्यात चूक झाली" एवढंच म्हणाली. मॅडम म्हणाल्या की सांगितलंत याबद्दल मला तुमचा आदर वाटतो, पण या नोंदी धरता येणार नाहीत. नव्याने मापं घ्यायची, सगळे ऋतू पुन्हा. पदवी पुढच्या तुकडीबरोबर.

मास्तरांनी फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "मॅडम, चूक माझी आहे. शिक्षा तिला कशाला? वाटल्यास मी लिहून देतो!"

"शिक्षा नाहीये हो काका," त्या पोरीचा आवाज एकदम मऊ झाला. "आपल्याकडे मापच नाहीये."

मास्तर ते वाक्य ऐकून खुर्चीत बसले. मापच नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं.

मुलाला कळलं तेव्हा तो आधी खो खो हसला, मग आईचा आवाज ऐकून गप्प झाला, आणि रजा पुढे ढकलतो म्हणाला. बेतलेला कोट मास्तरांनी कपाटात सर्वांत खाली ठेवला. घरात बोलणं चालू होतं, पण दार लावा, गॅस संपत आलाय, एवढ्यापुरतं. मास्तरीण तिचे धडे आता कानात इअरफोन घालून ऐकायची. आधी ज्या हिमनद्यांची मास्तरांना कटकट वाटायची, त्यांच्यावाचून दुकान ओकंबोकं वाटायला लागलं. दोनदा त्यांनी वकीलसाहेबांची कंबर मोजली आणि दोन्ही वेळा आकडा सांगताना अडखळले. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या आठवड्यात, मापाच्या दिवशी, कामावर निघताना मास्तरणीने फीत आणि खडू त्यांच्यासमोर मशीनवर ठेवला.

मास्तर दचकले. "पुन्हा मी? नको गं. दुसऱ्या कुणाला तरी सांग. माझा भरवसा मलाच वाटत नाही."

"तुमच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही," ती म्हणाली. "माझी तक्रार हाताची नव्हतीच. दिसेल ते सांगायचं. माझ्या चेहऱ्याचं मी बघेन." पायात चपला सरकवून ती गेलीसुद्धा. ती गेल्यावर मास्तर त्या फितीकडे बघत बसले. इतकं झाल्यावरही तिने दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, याचं त्यांना आधी आश्चर्य वाटलं आणि मग फार भरून आलं.

दुपारी ते अंगणात गेले. ऊन असं होतं की जाळीला हात लावताच चटका बसला. त्यांनी रुमाल गुंडाळून दार उघडलं, खडू घासला, फीत सोडली. तळ लागला. वर ओढली. काळी पडलेली जागा बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. मग विश्वास बसेना म्हणून फीत कोरडी केली, खडू घासला आणि सगळं पहिल्यापासून केलं. आकडा तोच आला. पाणी इतक्या झपाट्याने चाललंय हे इतके दिवस त्यांना स्वतःलासुद्धा माहीत नव्हतं, कारण दुसऱ्याला वाढवून सांगता सांगता आपल्यालाही तेच खरं वाटायला लागतं. त्यांनी जाळीतून खाली डोकावून बघितलं. खोल, अंधारात, ताटलीएवढं आभाळ दिसत होतं.

त्यांनी पाळणाघरात फोन लावला. मागे पोरांचा कालवा चालला होता.

"बोला," मास्तरीण म्हणाली. "किती?"

मास्तरांच्या जिभेच्या टोकावर नव्वद आलं. नव्वद काय वाईट आहे? नव्वद ऐकून माणूस जेवू शकतो. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तिकडे एक पोर "मावशी, मावशी" करत होतं, आणि ती त्याला थांब म्हणत फोन कानाशी धरून उभी होती.

"चौऱ्याऐंशी," मास्तर म्हणाले. "दोनदा घेतलं. चौऱ्याऐंशीच आहे गं."

पलीकडून पोरांचा कालवा तेवढा येत राहिला. मास्तरांना राहवेना.

"रडतेस का?"

"हो," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी लिहिलंय."